ऑरिनचं इंजिन

३ सप्टेंबर

लोर्नाचं म्हणणं, माणसांशी बोलत नाहीस तर वहीशी तरी बोल. स्वतःच जाऊन वही घेऊन आली. बायकोने आणलेली वही कोरी ठेवून त्याच घरात राहणं कठीण, म्हणून बसलोय.

लिहायला विषय एकच आहे. ऑरिनची लाल गाडी काल ट्रेलरवरून आमच्या गॅरेजात आली. ऑरिन म्हणजे माझा धाकटा भाऊ. एप्रिलमध्ये गेला. फुप्फुसात गाठ होती, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तो राहायचा राज्याच्या पार पश्चिम टोकाला. भेटी क्वचित, बोलणं फोनवर, दर रविवारी. इतके रविवार बोललो, पण पठ्ठ्याने आजाराबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढं दुखणं अंगावर काढलं आणि सख्ख्या भावाला सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावलोय, आणि ते इथे लिहितोय.

गाडीचं इंजिन त्याने स्वतःच्या हाताने बांधलंय. तीन हिवाळे लागले. इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो, ठोकून घडवलेले म्हणजे फोर्ज केलेले पिस्टन, एकेक बोल्ट मोजून आवळलेला. त्याचं एकच स्वप्न होतं: पाव मैल अकरा सेकंदांच्या आत. ट्यूनिंग तेवढं राहिलं. ते मी करणार आणि माझी पोरगी जनेल ती गाडी पळवणार, ऑक्टोबरात, शर्यतींच्या सीझनच्या शेवटच्या मीटला. हे इंजिन फुटलं तर दुसरं नाही. तसले बोल्ट आवळणारे हात आता नाहीत.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये पास्टरने नवा माइक लावलाय. जुना बरा होता. आज काय प्रवचन झालं ते देवालाच ठाऊक. लोर्नाला विचारलं तर म्हणाली, "छान बोलले की." ती सगळ्यांनाच छान म्हणते.

नंतर नेहमीप्रमाणे पिकअपमध्ये एकटा बसून ऑरिनचा निरोप ऐकला. गेल्या नोव्हेंबरात त्याने माझ्या फोनवर ठेवलेला. मला तोंडपाठ आहे. "व्हर्लिन, मी बोलतोय. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन आज बसवला." मग तो थांबतो, बराच वेळ. मग, "मस्त बसलाय. नाताळात ये, चिली करतो. आणि येताना माझा टॉर्क रेंच आण, चोरा." रेंच म्हणजे त्याचा बोल्ट मोजून आवळायचा पाना, माझ्याकडेच राहिलाय. मधली ती शांतता मला फार आवडते. फोन बाजूला ठेवून तो बोल्टला शेवटची ओढ देत असणार. मी डोळे मिटले की मला ते दिसतं.

फोन मात्र जुना झालाय. आवाज दिवसेंदिवस बारीक येतोय. तो निरोप पुसला गेला तर काय करायचं, याची धास्ती वाटते.

१४ सप्टेंबर

गाडी रोलरवर चढवली. पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांधली, म्हणजे चाकं फिरतात, गाडी जागेवर राहते आणि ताकद मोजता येते. त्याआधी दोन दिवस तपासणीत गेले. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलं, ठिणगीचे प्लग नवे घातले, इंधनाचा पंप बघितला. लोकांना वाटतं ट्यूनिंग म्हणजे टर्बोचा दाब वाढवला की झालं. असल्या लोकांची फुटकी इंजिनं आमच्या मागच्या अंगणात रचून ठेवलीत.

आमची पद्धत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: दाब तरी, नाहीतर ठिणगीचं टायमिंग तरी. जनेल गाडीत बसते, पाय तिचा आणि लॅपटॉपही तिचा. मी पुढे उभा राहतो. इंजिनाच्या ब्लॉकला माइक जोडलेला असतो आणि माझ्या कानांवर हेडफोन. नॉकिंग ऐकायचं. सिलिंडरात इंधन ठिणगीची वाट न बघता आपणहून भडकलं की आतून पिस्टनवर हातोडी बसते. पहिल्यांदा तो आवाज अगदी बारीक असतो, काचेवर वाळू पडावी तसा. तो आला की मी हात वर करतो आणि जनेल पाय उचलते. का, कशाला, काही विचारायचं नाही. हात वर, पाय वर. तीस वर्षं या दोन कानांवर हे गॅरेज चाललंय. तालुक्यातले निम्मे लोक म्हणतात, व्हर्लिन टेशचा कान म्हणजे यंत्र आहे. बाकीचे निम्मे आमच्याकडे येत नाहीत.

पहिल्या दिवशी चारशे दहा घोड्यांची ताकद. कुठे खुट्ट नाही. मक्याच्या अल्कोहोलचं इंधन टाकलंय, आमच्याकडे मका सोडून आहे काय? त्याला नॉकिंग सहज येत नाही, म्हणून जोर लावता येतो.

२१ सप्टेंबर

या वर्षी रातकिडे नाहीत. शेतकऱ्यांनी असलं काय फवारलंय कुणास ठाऊक. लोर्नाला म्हटलं, "बघ, एक किडा उरला नाही." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग भांडी घासत राहिली.

मायक्रोवेव्हची शिट्टीही मेलीय. दोनदा कॉफी आतच राहिली.

२७ सप्टेंबर

चारशे पासष्ट. हेडफोनमध्ये इतकं स्वच्छ इंजिन मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ऑरिन, तुझ्या हाताला तोड नव्हती. उगाच नाही मी तुझा रेंच ढापला.

दुपारी जनेलला घेऊन मिलाडाच्या कॅफेत गेलो. मिलाडा शाळेपासूनची ओळखीची, पण हल्ली तिचं लक्ष ठिकाणावर नसतं. मी वाडगाभर चिली आणि दालचिनीचा रोल मागितला. तिने काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो, तर चेरी-पायचा तुकडा घेऊन आली.

"अगं, रोल सांगितला होता."

"रोल संपलेत, चेरी-पाय चालेल का विचारलं, तर चांगली मुंडी हलवलीस! तुझं डोकं कुठे असतं रे व्हर्लिन?"

जनेल हसली नाही. एरवी अशा वेळी मला सोडत नाही ती. घरी येताना ती मागे तिच्या गाडीत होती. अंगणात उतरल्यावर म्हणाली, "बाबा, कॅफेपासून तुमचा इंडिकेटर चालू आहे." असेल. माणूस विचारात असतो.

१ ऑक्टोबर

दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. दोनदा फोन काढून बघितला. कुणाचा फोन येणार होता? कुणाचाच नाही. सकाळी गवतावर दव गोठलेलं होतं. नव्या कॅनमध्ये पंपावरून इंधन भरून आणलं.

५ ऑक्टोबर

भांडण झालं. जसं झालं तसं लिहितो.

टायमिंग एका अंशाने पुढे घेतलं. चारशे नव्वद. मी अंगठा दाखवला. जनेलने काच खाली केली. तोंड उतरलेलं.

"बाबा, स्क्रीनवर लाल रेघा येतायत. वर जाताना, तिसऱ्या सिलिंडरला."

"सेन्सर आहे तो. कुत्र्यासारखा सगळ्यांवर भुंकतो. फोर्ज केलेले पिस्टन खडखडतात, त्यालाही तो नॉकिंग म्हणतो."

"थंड असताना खडखडतात. इंजिन आता तापलंय. आणि मिश्रणही आधीपेक्षा जाड दाखवतंय, हवेच्या मानाने इंधन जास्त. मी काहीच बदललेलं नाही."

"हवा बदललीय."

"हवेने एवढं होत नाही बाबा, तुम्हीच शिकवलंय."

"मी ऐकतोय ना!" मी ओरडलो. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून ऐकतोय. काही नाहीये. पुन्हा घे."

तिने पुन्हा घेतलं. पण पूर्ण वर जायच्या आधीच पाय काढला. माझा हात खालीच होता. आमच्या गॅरेजात असं कधी झालेलं नाही. उतरून मागे वळली आणि काहीतरी पुटपुटली. हल्लीच्या पोरींना तोंड उघडून बोलायला काय होतं?

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी बोलत होत्या, मी आलो तशा गप्प झाल्या. गाडी ऑरिनची आहे म्हणून या दोघी घाबरतात. घाबरून अकरा सेकंद होत नाहीत.

६ ऑक्टोबर, रविवार

ऑरिनचा आवाज आज जवळजवळ आलाच नाही. पिकअपमध्ये फोन कानाला दाबून बसलो, तरी नुसती कुजबुज. तसाच फोनच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीला म्हटलं, माझ्या भावाचा आवाज आहे यात, तो पुसला जातोय, दुसरीकडे उतरवून दे. तिने फोन हातात घेतला, काहीतरी दाबलं. दुकानातले सगळे वळून आमच्याकडे बघायला लागले. एक म्हातारी तर माझ्या दंडावर हात ठेवून गेली. का ते कळलं नाही.

मुलगी म्हणाली, फोन ठणठणीत आहे. मोठ्याने म्हणाली, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. मग सौम्यपणे एक प्रत काढून दिली. आजकाल कुणाला कामाची माहिती नसते, पण पोरगी स्वभावाने चांगली होती.

९ ऑक्टोबर

आजचंही जसं झालं तसं लिहितो.

सकाळी जनेलने हातमोजे काढून बाकावर ठेवले. "आता मी पाय ठेवणार नाही. आधी प्लग काढून बघा."

"काढतो. आणि स्वच्छ निघाले की तू माझी माफी मागायचीस."

"मागेन. खूप आनंदाने मागेन, बाबा."

पहिला काढला. छान, पिवळसर. दुसरा छान. तिसरा काढून दिव्याखाली धरला. पांढऱ्या चिनीमातीवर चकाकते ठिपके होते, मिरपूड भुरभुरावी तसे. ते ठिपके कशाचे असतात हे मी याच गॅरेजात शंभर लोकांना सांगितलंय. ते ॲल्युमिनियम असतं. पिस्टनचं. हातोडी बसली की पिस्टनचा वरचा थर उडतो आणि प्लगला चिकटतो.

ऑरिनने बसवलेला तिसरा पिस्टन. मी बादली उलटी करून तिच्यावर बसलो.

जनेल कपाटाकडे वळली. आतून मापाच्या खुणा असलेली काचेची नळी काढली, त्यात पाणी आणि आपलं इंधन घालून हलवलं. अल्कोहोल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं, रेघ कुठे आहे ते बघायचं. पंच्याऐंशी टक्के असायला हवं होतं. सत्तरच्याही खाली निघालं.

थंडी सुरू झाली की पंपावर अल्कोहोल कमी करतात, नाहीतर पहाटे गाड्या सुरू होत नाहीत. पंपावरची पाटी तीच राहते. हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी एक ऑक्टोबरला ऑरिनचा फोन यायचा, "पंपावरचं बदललं रे, नळी हलवून बघ." मी म्हणायचो, माहीत आहे मला, शहाणा आहेस. आणि मग हलवून बघायचो. यंदा फोन आला नाही, मी बघितलं नाही.

मला एकदम हायसं वाटलं, लाज वाटते लिहायला. म्हटलं, "बघ! इंधनाने दगा दिला. माझी चूक नाही."

जनेल माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, तोंड अगदी माझ्या तोंडासमोर आणून. "इंधन बदललं म्हणून नॉकिंग झालं. मान्य. पण झालं ना, बाबा? पाच तारखेपासून होत होतं. मग तुम्ही हात का नाही वर केलात?"

मी तिसरा प्लग पुन्हा दिव्याखाली धरला.

१० ऑक्टोबर

कॉम्प्रेशन बघितलं. चारही सिलिंडर ठीक. तिसरा किंचित कमी, पण चालण्याजोगा. सिलिंडरात कॅमेरा घालून पाहिलं, पिस्टनच्या कडेला खरबरीतपणा आहे, तडा नाही. अजून दोन-चार वेळा तसंच पळवलं असतं तर तडा गेला असता. आणि ते पाव मैलावर झालं असतं तर तेल मागच्या चाकाखाली आणि आत माझी पोरगी. रात्रभर हेच डोळ्यांसमोर होतं.

दुपारी मीच म्हटलं, जागा बदलू. मी गाडीत बसलो. माइकला दोन हेडफोन जोडले, एक तिच्या कानांवर, एक माझ्या. दाब मुद्दाम अगदी कमी ठेवला, टायमिंग तेवढं पुढे, म्हणजे इंजिनाला धोका न होता बारीकसं नॉकिंग यावं. ठरल्याप्रमाणे हात तिचा, पाय माझा.

पायाखाली इंजिन गुरगुरत वर गेलं. ते मला ऐकू येत होतं, जाड, खालचं, भरलेलं. स्वच्छ. मी स्वतःशी म्हटलंसुद्धा, स्वच्छ आहे. आणि समोर जनेलचा हात वर होता.

मी पाय उचलला. पुन्हा घेतलं. पुन्हा तिचा हात वर. तिसऱ्यांदा मी इंजिनाकडे लक्षच दिलं नाही, फक्त तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीतरी तिला टोचलं आणि तिचा हात गेला. माझ्या कानात काहीच टोचलं नाही.

गाडी बंद करून मी आतच बसून राहिलो. जनेलने दार उघडलं. ती रडत होती. म्हणाली, "आई दोन वर्षं सांगतेय तुम्हाला." मला कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही. आता कळतंय का आठवत नाही ते.

मी ऑरिनचं इंजिन ऐकत नव्हतोच. चांगलं इंजिन कसं वाजतं ते मला पाठ आहे, तेच मी मनातल्या मनात वाजवत होतो.

१५ ऑक्टोबर

लिंकन शहरात कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी शहाण्यासारखा बसलो होतो. बाहेर आल्यावर लोर्नाचा चेहरा पाहून कळलं की मध्ये बरेच आवाज येऊन गेले.

बारीक, वरचे आवाज गेलेत. परत येणार नाहीत. कधीपासून, विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, पाच-सहा वर्षं तरी, हळूहळू. टर्बोशेजारी तीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. कानात घालायची यंत्रं पुढच्या आठवड्यात मिळतील, थोडंफार परत येईल.

परतीच्या वाटेवर लोर्नाला विचारलं, "रातकिडे?"

"होते रे," ती म्हणाली. "यंदा तर फार होते."

१९ ऑक्टोबर

मीट झाली.

टायमिंग जनेलच्या कानाने मागे घेतलं, दाब उतरवला, आणि वर थोडी जागा ठेवली, इंधन पुन्हा बदललं तरी सांभाळून घेईल इतकी. चारशे चाळीस घोडे. हे सगळं तिने केलं. मी इंधन नळीत हलवून बघितलं. दोनदा.

मी कुंपणाला धरून उभा होतो. गाडी सुटली तेव्हा तारेतून थरथर तळव्यांत आली, तेवढी मला पुरेशी होती. बोर्डावर आलं, अकरा पूर्णांक चार. अकराच्या आत नाही.

ती हेल्मेट काढून माझ्याकडे आली. "वाईट वाटतंय ना? काकाचं राहिलं."

"वाटतंय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. "पण त्याचं इंजिन धड आहे, आणि तूही."

"अजून घोडे काढता येतील त्यातून. पुढच्या उन्हाळ्यात. चांगल्या इंधनावर."

"तू काढ. मी हात वर करणार नाही आता."

"मग नळी तुमच्याकडे," ती म्हणाली. मोठ्याने, माझ्यासमोर तोंड करून.

२७ ऑक्टोबर, रविवार

यंत्रं मिळाली. चर्चमध्ये पास्टरचा माइक उत्तम आहे. कागदाची सळसळ, लोर्नाच्या बांगडीचा आवाज, माझ्याच बुटांचा आवाज. सगळं फार तीक्ष्ण आहे, अंगावर येतं.

पिकअपमध्ये या वेळी लोर्नालाही बसवलं. म्हटलं, ऐक, बघ किती स्पष्ट येतंय. निरोप लावला.

"व्हर्लिन, मी बोलतोय. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन आज बसवला."

आणि मग ती शांतता, माझी आवडती. ती शांतता नव्हती. ऑरिन खोकत होता. फोन लांब धरून, तोंड दाबून, बारीक शिट्टीसारखं, थांबतच नव्हता. मध्ये श्वास घ्यायला धडपडायचा आणि परत खोकायचा. मग घसा साफ करून, "मस्त बसलाय. नाताळात ये, चिली करतो."

मी लोर्नाकडे पाहिलं. तिला काही नवं वाटलेलं नव्हतं.

"हे आधीपासून आहे यात?"

"म्हणजे काय?" ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने माझा हात धरला. "तू फोन एवढा मोठा लावतोस, बाहेर सगळं ऐकू येतं रे. आम्हाला वाटायचं तुला माहीत आहे. म्हणूनच तू एकटा बसून ऐकतोस असं वाटायचं."

नोव्हेंबरातला खोकला आहे तो. एप्रिलला अजून पाच महिने होते. नोव्हेंबरात मी म्हणालो असतो, ऑरिन, आधी डॉक्टरकडे जा, मग पिस्टन बसव. माझं त्याने ऐकलं असतं, लहानपणापासून ऐकायचा. वेळ पुरला असता का ते कुणी सांगू शकत नाही. दर रविवारी फोनवर तो असाच खोकला असेल आणि मी दर रविवारी म्हणत असेन, मग, बाकी काय?

एप्रिलपासून मी त्याच्यावर रागावून बसलोय की त्याने मला काही सांगितलं नाही. तो सांगत होता. माझ्या कानाशी धरून सांगत होता.

टॉर्क रेंच अजून माझ्याकडेच आहे. उद्या पुसून, तेल लावून त्याच्या गाडीत ठेवतो.